मगदूमअण्णांची मोजणी

मगदूमअण्णा माणसं मोजतात.

माझ्या लग्नात अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आम्ही नवरा-बायको कसंनुसं हसत खुर्च्यांवर बसलो होतो, तेव्हा अण्णा स्टेजवर आले. चार शब्द बोलतील, डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं, "चारशे बारा. वाढपी आणि बँडवालं सोडून," असं सांगितलं आणि उतरून गेले. तुमच्या कोल्हापुरात आशीर्वाद असाच देतात का, असं माझी बायको अजून विचारते.

बाबगोंडा मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे कागलकडचे. एसटीत कंडक्टर होते आणि निम्मी नोकरी कोल्हापूर-आजरा गाडीवर झाली. तिकिटं फाडून झाली की मागच्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत प्रत्येक दांड्याला पेन्सिल टेकवत जायचं आणि डोकी मोजायची, हा त्यांचा रिवाज. बाकीचे कंडक्टर निवृत्तीच्या दिवशी पेन्सिल खाली ठेवतात. अण्णांनी ती कानावर ठेवली, ती तिथंच राहिली.

कुणी सहज म्हणावं, "काल देवळात तोबा गर्दी होती." अण्णा लगेच विचारणार, "तोबा म्हंजे किती? मोजून सांगा की!" कुणी म्हणावं, "सगळी पेठ माझ्या बाजूनं आहे." की आलं, "मोजून सांगा की!" भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाची सुटका नव्हती. आमच्या गल्लीतला एक शिंपी वारला, तेव्हा स्मशानातून परत येताना अण्णांनी त्याच्या मुलाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "एकशे सदतीस माणूस आलतं. कामाचा वार असून." आम्ही तोंड फिरवून हसलो. तो मुलगा मात्र आजही वडिलांचा विषय निघाला की आकडा सांगतो.

त्यांचं घर माझ्या घरासमोर. गल्लीत चार घरं पुढं गेलं की आमच्या पेठेचं सहकारी ग्राहक भांडार. तिथं मी व्यवस्थापक होतो. म्हणजे हंगामी व्यवस्थापक होतो. कायमची ऑर्डर चेअरमनसाहेबांच्या टेबलात दोन वर्षं पडून होती आणि साहेब टेबलाचा खण उघडायचे तो फक्त अडकित्ता काढायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्याला माझ्याकडं एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं नाही हे मलाही कळतं.

आमच्या वार्षिक सभेची एक पद्धत होती. सभासदानं दारात रजिस्टरवर सही करायची, सभासद भेट घ्यायची आणि घरी जायचं. भेट म्हणजे कधी स्टीलचा डबा, कधी पिशवी, कधी चहाची गाळणी. उरलेल्या हौशी लोकांसमोर चेअरमन आबासाहेब माइक धरून उभे राहायचे. "विषय एक वाचला असं समजून मंजूर?" पुढच्या चार ओळी ओरडायच्या, "मंजूर, मंजूर!" अकरा विषय नऊ मिनिटांत संपत. पुढच्या चार ओळींत भांडाराचे नोकर, साहेबांची माणसं आणि मी.

त्या ओरड्यात मागून एकच आवाज यायचा. "मोजून सांगा की!"

अण्णांचा दरवर्षी एक ठराव असे. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेला, "भांडाराच्या दारात वयस्क सभासदांना बसण्यासाठी बाकडे टाकणेबाबत." बस्स, एक बाकडं. साहेबांचं म्हणणं, बाकडं टाकलं की म्हातारी-कोतारी दिवसभर तिथंच ठाण मांडणार आणि भांडाराची चावडी होणार. ते माइकवर म्हणायचे, "अण्णांचा बाकड्याचा विषय, नामंजूर?" पुढच्या चार ओळी ओरडायच्या, "नामंजूर!" मी फार जोरात ओरडायचो नाही. नुसते ओठ हलवायचो आणि तेवढ्यावर स्वतःला चांगला माणूस समजायचो.

"हारू दे की ओ," अण्णा संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणत. "हारायला माजी ना न्हाय. पर माज्या बाजूनं किती हुती, त्ये तरी कळू दे. पाच असतील, धा असतील. न्हाईतर मी एकटाच असंन. एकटा असलो तर गप बसतो, पर मोजून कळू दे."

बाकड्याचं वेड कुठून आलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती, निदान मला. त्यांच्या बायकोचे, आक्कांचे, गुडघे गेले होते. रांग मोठी असली की त्या भांडाराच्या पायरीवर टेकायच्या. गिऱ्हाइकांची वाट अडते म्हणून मी त्यांना उठवायचो. "आक्का, जरा बाजूला," असं अगदी गोड आवाजात म्हणायचो. त्या "व्हय की बाबा" म्हणून भिंतीला धरून उठायच्या. त्या गेल्या त्याच वर्षी अण्णांनी पहिला ठराव टाकला.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका सभेत कसल्याशा विषयावर दोन गट पडले आणि हात मोजायची वेळ आली. अण्णांनीच मोजले. एका पैलवानानं दोन्ही हात वर केले होते. अण्णांनी त्याचा एकच धरला म्हणून तो चिडला, दुसऱ्यानं खुर्ची उचलली आणि सभा तिथंच संपली. त्यानंतर आबासाहेब एका अभ्यास दौऱ्यावर पुण्याला गेले आणि तिथं त्यांनी एका परिषदेत बिनतारी मतदानाची यंत्रं पाहिली. प्रत्येकाच्या हातात रिमोट, बटण दाबलं की पडद्यावर आकडा. टीव्हीवरच्या प्रश्नांच्या कार्यक्रमात प्रेक्षक दाबतात तसं.

"आपल्याकडं बी आणायचं," साहेब म्हणाले. "एका दिवसापुरतं भाड्यानं. मानसाच्या मोजन्यावर आता कुनाचा इश्वास ऱ्हायला न्हाय."

अण्णांना हे लागेल असं मला वाटलं. पण ते एखाद्या पोरासारखे खूश झाले. "मशीन? ओरडता येत न्हाई त्येला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग आणाच!" साहेबांनी यंत्र निवडायला उपसमिती नेमली. सदस्य दोन, मी आणि मगदूमअण्णा. अण्णांनी त्या दिवशी पेन्सिलीला टोक काढून घेतलं.

यंत्रवाल्यांना आम्ही सभेच्याच मंगल कार्यालयात बोलावलं. पहिला पुण्याचा, टाय लावलेला. त्यानं रिमोट आमच्याकडं दिला आणि समोर डबा ठेवला. अण्णांनी रिमोट घेतला आणि थेट खांबाआड गेले. दाबलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्या गृहस्थानं समजावलं, की मधे अडथळा नको, डबा दिसायला हवा.

"पावणं, ह्या हॉलला बारा खांब हाईत," अण्णा खांबाआडून म्हणाले. "खांबाआडचा सभासद सभासद न्हाय व्हय?"

दुसऱ्याचं यंत्र खांबाआडून चालत होतं. पण रिमोटवर दहा बटणं आणि इंग्रजी अक्षरं. अण्णांनी परीक्षेसाठी आमच्या गल्लीतल्या दुरदुंडव्वाला आणलं होतं. वय ऐंशीच्या पुढं, बोलणं निम्मं कानडी, बोटाला कायम तपकीर. तिनं रिमोट उलटासुलटा करून पाहिला आणि दहाच्या दहा बटणं दाबली.

"आज्जी, एकच दाबायचं," मी म्हटलं.

"कुणी रागाला नको जायाला," ती म्हणाली. "समद्यास्नी थोडं थोडं दिलं."

तिसरी एक मुलगी आली, सांगलीकडची, नुकतीच इंजिनियर झालेली. तिच्या रिमोटला तीनच बटणं होती आणि मत पोचलं की हिरवा दिवा लागायचा. अण्णांनी तिचा छळ मांडला. घोंगडं पांघरून दाबलं. हॉलच्या मागच्या संडासात जाऊन दाबलं. रिमोट स्टेजवरून खाली टाकला, चुन्याच्या बोटानं दाबला, दुरदुंडव्वाकडून दाबून घेतला. एकानं दोनदा दाबलं तर? शेवटचं धरतं. चुकून दाबलं तर? वेळ संपेपर्यंत बदलता येतं. लोडशेडिंगमध्ये? बॅटरीवर चालतं. ती पोरगी न चिडता उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराला अण्णा हिरव्या दिव्याकडं बघून मान डोलवत होते.

मग ते जवळ येऊन बसले आणि हळू आवाजात विचारलं, "बाळ, कुणी काय दाबलं त्ये कुणाला कळतं का?"

"दोन्ही सोयी आहेत, काका. कंप्युटरवर इथं खूण केली की मतदान गुप्त. फक्त बेरीज राहते. खूण नाही केली तर कुठल्या नंबरच्या रिमोटनं काय दाबलं ते छापून काढता येतं."

"खूण करायची," अण्णा म्हणाले. "म्यानेजर, तसं लिवा."

मी लिहिलं. दोघांनी सही केली. अण्णांना त्या यंत्रात एवढीच गोष्ट हवी होती. तोंडानं 'मंजूर' म्हणायला माणूस भितो, हात वर करायला त्याहून भितो, पण पदराआड अंगठा दाबायला भिणार नाही, असं त्यांचं गणित होतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी मला बोलावलं. कागद वाचला. अडकित्ता काढायला खण उघडला आणि उघडाच ठेवला.

"ती खूण-बिन काय करू नका," सुपारी कातरत ते म्हणाले. "कोन कुटं हाय त्ये आमाला कळाय नगो? पुडल्या वर्सी निवडणूक हाय."

"पण साहेब, अण्णांना..."

"अण्णास्नी कंप्युटर कळतंय व्हय?"

मी म्हटलं, "बरं साहेब."

एवढंच म्हटलं. घरी जाताना अण्णा दारातच उभे होते, मी मान खाली घालून चपला काढत बसलो. नुसत्या चपला काढायला माणसाला किती वेळ लागू शकतो ते मला त्या दिवशी समजलं.

सभेच्या आधीचे आठ दिवस अण्णा पेठेत दारोदार फिरले. सगळ्यांना रिमोट समजावून सांगितला. एक दाबलं की होय, दोन दाबलं की नाही. आणि लोक घाबरत घाबरत तेच विचारायचे. कुणाचा जावई भांडारात कामाला, कुणाच्या दुकानाचा माल साहेबांच्या गोदामातून यायचा. अण्णा सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगत, "कुनाला कळनार न्हाय. आपला म्यानेजर सोता समितीत हाय की!" हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं. तिघांनाही मी हो म्हटलं.

सभेच्या दिवशी दारात टेबल टाकून अण्णा रजिस्टर घेऊन बसले. नंबर, नाव, सही, मग रिमोट. देण्याआधी ते रिमोटच्या पाठीवरचा नंबर वाचायचे, लिहायचे, पुन्हा वाचायचे आणि मगच हातात द्यायचे. एक ते सहा संचालकांना गेले. सात नंबरचा मला. एकूण एकशे साठ वाटून झाले तेव्हा अण्णा उठले आणि पेन्सिल टेकवत खुर्च्यांमधून फिरले.

"म्यानेजर! एकशे एकोणचाळीस हाईत. एकवीस कुटं गेली?"

एकवीस सभासद घरी गेले होते. दारात सही केली, हातात वस्तू मिळाली, म्हणजे ती सभासद भेट, आणि सभासद भेट मिळाली की सभा संपली. पिढ्यान्पिढ्यांची पद्धत होती, त्यांची काही चूक नव्हती. कर्णा लावून गल्लीत ओरडलो तेव्हा पाच परत आले. त्यातल्या एकानं तक्रार केली, की यंदाची भेट फारच हलकी आहे.

अकरा विषय झाले आणि बाकड्याचा ठराव आला. साहेब म्हणाले, "बटनं दाबा." दहा सेकंद. आणि हॉलमधल्या निम्म्या माणसांनी सवयीनं हात वर केले, रिमोटसकट. अंगठा रिमोटवर, रिमोट आभाळात आणि कुठलं बटण दाबलं ते शेजाऱ्याला साफ दिसतंय. जन्मभर हात मोजा म्हणणारे अण्णा खुर्च्यांमधून पळत सुटले, "हात खाली! आवो, हात खाली घ्या की!" सगळा हॉल हसत होता.

मी हसलो नाही. माझा अंगठा एकवर होता. शेजारच्या खुर्चीवर साहेबांचा पुतण्या होता, पण त्यानं पाहिलं नसतं. मात्र साहेब सोडले तर हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं, की खूण केलेली नाही. अंगठा सरकवला आणि दोन दाबलं. हिरवा दिवा लागला.

पडद्यावर आकडे आले. होय एकसष्ट, नाही त्र्याऐंशी.

पुढच्या ओळींनी टाळ्या वाजवल्या. अण्णा मधल्या वाटेत पेन्सिल धरून उभे होते. मला वाटलं, आता ते खाली बसतील. त्यांनी आकडा दोनदा वाचला, ओठ हलवून. मग गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"एकसष्ट ओ!" त्यांचे डोळे भरले होते. "मला वाटलं चार-पाच असतील. तुमी धरून एकसष्ट!"

मी म्हटलं, "हो अण्णा."

त्या 'हो'ची लाज मला अजून वाटते. दोन दाबलं ते भीतीनं. हे 'हो' म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

सभा संपली तेव्हा आणखी तेवीस रिमोट लोकांच्या पिशव्यांतून घरी गेले होते. ते गोळा करायचं काम अण्णांनी आपण होऊन घेतलं. कंडक्टरची जुनी चामड्याची पिशवी गळ्यात अडकवून रजिस्टर बघत ते तीन दिवस दारोदार हिंडले. दुरदुंडव्वानं रिमोट टीव्हीसमोर धरून ठेवला होता. "टीव्हीला लागंना गा, बदलून द्या," ती म्हणाली. एका घरी तो देव्हाऱ्यात हळदकुंकू लावून ठेवलेला सापडला. आणि प्रत्येक दारात अण्णा खूश होऊन सांगत होते, "एकसष्ट! मोजून!"

तिसऱ्या दिवशी चार वाजता ते भांडारात माझ्या टेबलाशी आले आणि पिशवी उपडी केली. "एकशे साठ. बगा मोजून."

टेबलावर कागद होता. साहेबांसाठी सकाळीच छापून काढलेला. डावीकडं रिमोटचा नंबर, उजवीकडं दाबलेलं बटण. मी पेपरवेट त्याच्यावर सरकवला, पण पेपरवेटखाली किती झाकणार? अण्णांनी चष्मा लावला.

"ह्ये काय हाय?"

"ते... कंप्युटर काढतो आपोआप."

"खूण केली न्हवती व्हय?"

"राहिली. गडबडीत राहिली अण्णा."

कागदाच्या वरच्या टोकावर त्यांनी पेन्सिल टेकवली आणि एकेका नंबरवर टेकवत खाली येऊ लागले. एक, दोन, तीन. सातवर पेन्सिल थांबली का, हे मी पाहिलं नाही. मी पेपरवेटमधलं काचेचं फूल बघत होतो.

तेवढ्यात आबासाहेब आत आले. कागद उचलला. "ह्ये तर नुस्तं नंबर हाईत. नावं कुटं?"

"नावं रजिस्टरात," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते सहज गेलं.

साहेबांनी हात पुढं केला. रजिस्टर अण्णांच्या काखेत होतं. अण्णांनी ते लगेच दिलं. मग म्हणाले, "देतो की. पर त्येचा काय उपेग न्हाय साहेब."

"का?"

"वाटताना चुकलं माजं. नंबर लिवला एक, हातात दिला दुसराच. दारात गर्दी झाल्ती. गोळा कराया गेलतो तवा ध्यानात आलं. एक बी जुळंना."

भांडारातले सगळे नोकर वजनं-मापं टाकून बघायला लागले. साहेबांनी रजिस्टर चाळलं, कागदाशेजारी धरलं आणि मग मोठ्यानं हसले. "अण्णा! तुमची मोजनी चुकली? इतकी वर्सं आमास्नी मोजून सांगा, मोजून सांगा म्हनत आलासा!"

"वय झालं साहेब," अण्णा म्हणाले. "आता न्हाय जमत."

सगळे हसले. मीही हसलो. मी दारात त्यांच्या शेजारी उभा होतो, प्रत्येक नंबर दोनदा वाचताना त्यांना पाहिलं होतं आणि एकही नंबर चुकला नव्हता हे मला माहीत होतं. साहेबांनी कागद चुरगाळून टोपलीत टाकला. अण्णांनी पिशवी गळ्यात घातली आणि 'येतो' म्हणून गेले. पेन्सिल माझ्या टेबलावरच राहिली.

पुढच्या महिन्यात माझी कायमची ऑर्डर निघाली. बायकोनं पेढे वाटले. समोरच्या घरी पेढा द्यायला मी तिलाच पाठवलं.

पेठेत अण्णांची भरपूर थट्टा झाली. ते दिसले की भाजीवाला आधी ओरडायचा, "अण्णा, मोजून सांगा की!" ते हसून पुढं जायचे. पुढच्या सभेला यंत्र आलं नाही, साहेबांनी परत माइक हातात घेतला आणि 'मंजूर, मंजूर' सुरू झालं. मी त्या दिवशी ठरवून गेलो होतो. बाकड्याचा विषय निघाला, की मी पहिल्या ओळीत उठून हात वर करणार होतो. नोकरी आता कायम होती ना, मग शौर्य दाखवायला काय हरकत? पण विषय निघालाच नाही. अण्णांनी ठराव दिलाच नव्हता.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठून विचारलं.

"कशाला?" ते म्हणाले. "त्या एकसष्टांनी एकदा दाबलं की. आता परत हात वर करायला लावून सगळ्यांच्या देखत का उगं त्यास्नी गोत्यात आणायचं? आकडा कळला मला."

त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या घराच्या भिंतीला लागून एक लांब बाकडं करून घेतलं. भांडारातून पिशवी घेऊन येणारी म्हातारी माणसं तिथं टेकायला लागली. बाकड्याच्या पाठीला अण्णांनी एसटीच्या सीटला असतात तसे पांढऱ्या रंगानं नंबर घातले, एक ते आठ. दुरदुंडव्वाची एक नंबरची सीट, खिडकी नसली तरी ती तिला खिडकीचीच म्हणायची. संध्याकाळी बाकडं भरलेलं असायचं. तरी सात नंबर रिकामा. कुणी बसायला गेलं की अण्णा म्हणत, "ती शीट रिझर्व्ह हाय."

माझ्या दारासमोरच हे सगळं. येता-जाता मी पलीकडच्या कडेनं जायचो, काहीतरी कामाची घाई असल्यासारखा. किती महिने असं केलं ते अण्णाच सांगू शकतील. शेवटी एकदा संध्याकाळी चहाला घरी येताना मला राहवलं नाही. थांबलो आणि विचारलं, "अण्णा, ही सातची कुणासाठी ठेवलीय?"

"हाय एक पाशिंजर," ते म्हणाले. "चढायचा ऱ्हायलाय. म्हनून गाडी थांबवून धरली हाय."

म्हणजे पेन्सिल सातवर थांबली होती. इतके दिवस रोज समोरासमोर, एक अवाक्षर न काढता हे माणूस माझ्यासाठी जागा धरून बसलं होतं. रस्ता दुभंगावा असं वाटलं. मी कसाबसा जाऊन त्या नंबरवर टेकलो.

"अण्णा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"तिकीट मागितलंय का मी तुमास्नी?" ते म्हणाले. "बसा गप."

ते कानावरून पेन्सिल काढतात की काय म्हणून मी बघत होतो, पण कानावर पेन्सिल नव्हती. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात होती. त्यांनी नुसतं बोट पुढं केलं आणि दुरदुंडव्वापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. माझ्यापाशी आल्यावर जरा थांबून "सात" म्हणाले, पलीकडं स्वतःच्या छातीला बोट लावून "आठ" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला.

तेवढ्यात भांडारातून एक म्हातारी बाहेर आली. हातात दोन पिशव्या. पायरीवर टेकावं का, असं तिनं इकडंतिकडं बघितलं आणि भिंत धरून उभी राहिली. आक्का धरायच्या तीच भिंत. मी उठलो, जाऊन तिच्या पिशव्या घेतल्या आणि तिला सात नंबरवर आणून बसवलं. मग मला कुठं जावं ते कळेना. पिशव्या घेऊन बाकड्यासमोर तसाच उभा राहिलो.

अण्णांनी पुन्हा बोट उचललं आणि पहिल्यापासून मोजलं. आठ झाल्यावर ते बोट माझ्यावर आलं.

"उबं ऱ्हानारं बी धरतो मी," ते म्हणाले. "नऊ."